हाताची घडी, तोंडावर बोट: थंड गर्दीसमोर वाजवणाऱ्या नव्या बँडसाठी

तिसरं गाणं संपतं. शेवटच्या क्रॅशचा (ड्रमसेटवरच्या मोठ्या झांजेचा) आवाज विरतो आणि समोरून पाच-सहा टाळ्या येतात, त्यातल्या तीन तुमच्याच मित्रांच्या. बाकीचे लोक हाताची घडी घालून उभे. कुणी फोनमध्ये, कुणी स्टेजकडे पाठ करून गप्पांत. मागून कुणीतरी हसतं. ते तुम्हाला हसलेलं नसतं, पण त्या क्षणी तसंच वाटतं. गायक माइकजवळ येऊन विचारतो, ‘सगळे मजेत ना?’ आणि उत्तर येत नाही.

हा प्रसंग प्रत्येक बँडच्या वाट्याला येतो. मी बेस वाजवतो. बेसवाल्याकडे फारसं कुणी बघत नाही, त्यामुळे त्याला मात्र गर्दीकडे निवांत बघता येतं. बरीच वर्षं असं बघून माझं एक मत पक्कं झालंय: थंड गर्दी गाणं चालू असताना हातातून जात नाही, ती दोन गाण्यांच्या मधल्या फटीत जाते. गाणं चालू असताना, आवडो न आवडो, कान तुमच्याकडे असतो. ते थांबलं की माणसाला आठवतं की आपल्याकडे फोन आहे, शेजारी मित्र आहे, मागे दार आहे. म्हणून खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं गाण्यांबद्दल नाहीच.

आधी थंडी कसली आहे ते बघा

तुमच्या आधीचा बँड वाजवत असताना मागच्या खोलीत बसू नका. हॉलमध्ये जा, अगदी मागे उभे राहा. लोक कुठे उभे आहेत, पुढची जागा रिकामी आहे का, शब्द कळतायत का, हे दहा मिनिटांत समजतं. काही गर्दी नुसती लवकर आलेली असते. काही विखुरलेली असते. तीनशेंच्या हॉलमध्ये चाळीस माणसं असतील तर प्रत्येकाला आपल्या हालचालीचा संकोच वाटतो. काही लोक शांतपणे, मनापासून ऐकत असतात आणि आपण त्यांना उगाच ‘दगड’ म्हणतो. शेवटच्या प्रकाराला हलवायला जाऊ नका, ते तुमचेच आहेत.

सगळ्यात अवघड गर्दी म्हणजे दुसऱ्या कुणासाठी आलेली. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने जून १९६७ मध्ये मॉन्टेरेच्या महोत्सवात गिटार पेटवून सगळ्यांना थक्क केलं, आणि पुढच्याच महिन्यात तो मंकीज या बँडच्या दौऱ्यात त्यांच्या आधी वाजवत होता. समोरची पोरं मंकीजच्या नावाने ओरडत होती. मोजक्याच कार्यक्रमांनंतर त्याने तो दौरा सोडला. १९८१ मध्ये लॉस एंजेलिसला रोलिंग स्टोन्स या बँडच्या आधी स्टेजवर आलेल्या गायक प्रिन्सवर लोकांनी हातात येईल ते फेकलं आणि त्याला स्टेज सोडावं लागलं. हे दोघे कमी पडले असं कोण म्हणेल? तेव्हा कुणाच्या आधी वाजवायचंय हे गिग (कार्यक्रम) घेतानाच विचारा. मेळ अगदीच बसत नसेल तर ‘नको’ म्हणण्यात कमीपणा नाही. घेतलीच गिग, तर सगळा हॉल जिंकायचा हट्ट घरी ठेवून या. वीस माणसं तुमचं नाव विचारत बाहेर पडली तरी रात्र कमाईची.

सेटलिस्ट (गाण्यांची यादी) नव्हे, फटींचा हिशेब

नव्या बँडला बहुधा अर्धा तास मिळतो. समजा ६ गाणी, प्रत्येकी ४ मिनिटं. झाली २४ मिनिटं. उरलेली ६ मिनिटं कुठे गेली? गाण्यांच्या मधल्या ५ फटींत, प्रत्येकी ७२ सेकंद. घड्याळ लावून ७२ सेकंद गप्प उभे राहून बघा. मग कळेल की समोरच्या माणसाने तेवढ्यात फोन का काढला.

यावर उपाय साधा आहे: गाणी जोडीने बांधा. पहिलं-दुसरं न थांबता, तिसरं-चौथं न थांबता, पाचवं-सहावं न थांबता. म्हणजे पाचऐवजी दोनच फटी. जोडायचं कसं? पहिल्या गाण्याचा शेवटचा कॉर्ड वाजला की ड्रमरने थांबायचंच नाही. नुसता किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) चालू ठेवायचा, लागलंच तर चार मापांत (ठेक्याच्या चार आवर्तनांत) हळूहळू पुढच्या गाण्याच्या गतीवर यायचं. किंवा बेसने एक सूर धरून ठेवायचा, तोच पुढच्या गाण्याचा पहिला सूर. किंवा गिटारचा फीडबॅक (स्पीकरजवळ तार आपोआप घुमत राहते तो सूर) लांबवायचा आणि त्यातून पुढचा रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारा छोटा तुकडा, काढायचा. यातलं काहीच जमत नसेल तर ड्रमरने लगेच काठ्या चारदा एकमेकींवर वाजवून सुरुवात करायची. तेवढंसुद्धा पुरतं.

गाण्यांचा क्रम लावताना ट्यूनिंगही बघा. दोन गाणी ड्रॉप डीमध्ये (गिटारची सगळ्यात जाड तार एका सुराने खाली उतरवून) असतील तर ती शेजारी-शेजारी ठेवा, नाहीतर मधे गिटारचे कान पिळत बसाल. आवाज बंद करणारं ट्यूनर पेडल प्रत्येक गिटारवाल्याच्या पायाशी हवंच. लोकांना स्पीकरमधून ‘टँव टँव’ ऐकवत ट्यून करणं म्हणजे त्यांना दाराकडे वाट दाखवणं. दुसरी गिटार आधीच ट्यून करून स्टँडवर असेल तर उत्तम. उसनी आणा, पण असू द्या. एकदा आमच्या गिटारवाल्याची तार दुसऱ्याच गाण्यात तुटली. तो ती बदलत असताना आम्ही तिघे पुतळ्यासारखे उभे राहिलो. त्या चार मिनिटांत पहिल्या दोन ओळी मागे सरकल्या त्या परत आल्याच नाहीत. आता कुणाचंही काही तुटलं की बेस आणि ड्रम्स एक ठरलेला, सोपा ठेका वाजवत राहतात. तो ठेका आम्ही गाण्यासारखाच बसवलाय.

तालमीही याच पद्धतीने करा. एकेक गाणं घासून झालं की अख्खा सेट उभं राहून, बोलण्यासकट, न थांबता वाजवा. बहुतेक बँड हे करत नाहीत आणि स्टेजवर गेल्यावर पहिल्यांदाच कळतं की तिसऱ्या गाण्यानंतर काय करायचं हे कुणीच ठरवलेलं नाही.

आवाज: पुढची जागा रिकामी का राहते

साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची तपासणी, रिकाम्या हॉलमध्ये होतो आणि वाजवायचं असतं माणसांनी भरलेल्या. माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात, विशेषतः वरच्या पट्टीतला. त्यामुळे रिकाम्या हॉलमध्ये घुमणारा आवाज भरल्यावर आटोक्यात येतो, आणि झगमगीत वाटलेला गिटार मंदावतो. पहिल्या गाण्यात साउंड इंजिनियर हेच नीट करत असतो, म्हणून पहिल्या गाण्यात नाजूक काही ठेवू नका. ओपनिंग बँडला पूर्ण साउंडचेक मिळतोच असं नाही. अनेकदा नुसता लाइनचेक होतो, म्हणजे प्रत्येक वाद्याचा आवाज येतोय एवढीच खात्री. एकच मागणी करता येणार असेल तर ती गायकाच्या आवाजाची करा: शब्द कळले पाहिजेत. लोकांना तुमचं गाणं माहीत नाही. वर शब्दही कळले नाहीत तर त्यांनी धरायचं कशाला?

गिटार अॅम्पची (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्याची) एक गंमत बऱ्याच जणांना ठाऊक नसते. त्याच्या स्पीकरमधून वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. अॅम्प जमिनीवर, गिटारवाल्याच्या पोटरीमागे. त्याला स्वतःला तो झोत लागत नाही म्हणून तो आवाज वाढवतो, आणि तो झोत थेट पुढच्या ओळीतल्या माणसाच्या कानात जातो. मग आपण म्हणतो, लोक पुढे येत नाहीत. अॅम्प तिरपा करून वाजवणाऱ्याच्या कानाकडे वळवा किंवा खुर्चीवर चढवा. तो आपणहून आवाज कमी करेल.

गर्दी थंड आहे म्हणून आवाज वाढवणं हा सगळ्यात आधी सुचणारा आणि सगळ्यात वाईट उपाय. कामाच्या जागी दिवसाचे ८ तास ऐकायची शिफारस केलेली मर्यादा ८५ डेसिबल आहे, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. छोट्या हॉलमध्ये नुसता ड्रमसेटच त्या आसपास पोचू शकतो. स्वतःच्या कानांत इअरप्लग घाला, आणि लोकांच्या कानांत ते नाहीत हे लक्षात ठेवा.

पहिलं मिनिट

स्टेजवर चढून ‘नमस्कार, आम्ही अमुक, आज इथे येऊन छान वाटतंय’ करू नका. अजून कुणालाच तुमच्या छान वाटण्याशी देणंघेणं नाही. चढा, ट्यूनरकडे एक नजर टाका, सुरू करा. नाव दुसऱ्या गाण्यानंतर सांगा. तोपर्यंत एखाद्याला ते हवं असेल.

पहिलं गाणं तुमचं सर्वोत्तम असायची गरज नाही. झोपेतून उठवून वाजवायला सांगितलं तरी चुकणार नाही, असं असावं. प्रस्तावना लांब नको. दहा-पंधरा सेकंदांत गायकाचा आवाज आला पाहिजे. मान वर ठेवून वाजवता येईल इतकं ते हातात बसलेलं हवं, कारण याच गाण्यात तुम्हाला समोर बघायचंय.

काय बघायचं? कोण हलतंय ते. थंडातल्या थंड गर्दीतही चार-पाच जणांचं डोकं किंवा पाय ठेका धरतोच. नवे गायक नेमका उलटा उद्योग करतात: सगळ्यात कंटाळलेला चेहरा शोधून त्याला जिंकायला जातात आणि त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही म्हणून खचतात. त्याला सोडा. जो हलतोय त्याच्यासाठी वाजवा. तो आणखी हलेल, त्याच्या शेजारच्याला धीर येईल. गर्दी अशीच पसरते, शेजारून शेजारी.

काहीतरी करायला द्या, पण छोटं

१३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर लाइव्ह एड या मदतनिधीसाठीच्या कार्यक्रमात क्वीन या बँडला सुमारे २० मिनिटं मिळाली होती. समोर ७२ हजार लोक, आणि ते काही एकट्या क्वीनसाठी आलेले नव्हते. त्यांनी त्यासाठी कसून तालीम केली होती, ओळखीची गाणी निवडली, काही कापून लहान केली, मधे जवळजवळ जागाच ठेवली नाही. आणि त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी याने तो प्रसिद्ध प्रकार केला: ‘एऽऽ ओऽऽ’ असा एक तुकडा गायचा आणि थांबायचं. स्टेडियमने तो परत केला. मग थोडा अवघड, मग आणखी अवघड.

तुमच्याकडे त्याचा गळा नाही. माझ्याकडेही नाही. पण कृती उचलता येते. तुकड्यात शब्द नसावेत, असले तर एक-दोन. सूर चार-पाचच, आणि साधारण बोलण्याच्या पट्टीतले, म्हणजे न गाणाऱ्यालाही जमतील. गाऊन झालं की खरंच थांबा. बँडनेही जागा सोडायला हवी, नाहीतर लोकांना स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही. आणि पहिल्यांदा जे येईल ते गोड मानून घ्या. दहा जणांनी उत्तर दिलं तर त्या दहांकडे बघून हसा आणि पुढचा तुकडा द्या. ‘ऐकू नाही आलं!’ हे वाक्य मी आमच्या बँडमध्ये बंद केलंय. दहा जण हिंमत करून ओरडलेले असतात आणि आपण त्यांनाच सांगतो की तुम्ही कमी पडलात.

टाळ्यांचं वेगळं प्रकरण आहे. तोंडाने मागू नका. ड्रमर नुसत्या किकवर असताना गायकाने डोक्यावर हात नेऊन स्वतः वाजवायला लागायचं. रॉकचा ठेका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो, गर्दी मात्र अनेकदा पहिली आणि तिसरी पकडते. हॅरी कॉनिक ज्युनियर या पियानोवाद्याने एका कार्यक्रमात यावर भन्नाट तोड काढली: वाजवता वाजवता एक मात्रा जास्तीची घातली, आणि चुकीच्या जागी पडणाऱ्या सगळ्या टाळ्या आपोआप योग्य जागी आल्या. नव्या बँडने हे करायला जाऊ नये, आपणच पडू. स्नेअर (दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडणारा कडक आवाजाचा ड्रम) ठळक वाजवा, बास.

मैदान मोठं असेल तर ड्रमरला आधीच बजावून ठेवा की टाळ्यांच्या मागे जायचं नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्टेजपासून ४० मीटरवरचा माणूस त्याच्या कानाला बरोबर ठेक्यात टाळी वाजवत असला, तरी आवाज जाऊन परत यायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गतीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा असतो, म्हणजे ती टाळी तुम्हाला अर्धा ठोका उशिरा ऐकू येते. ड्रमर तिला धरायला गेला की गाणं लंगडं होत जातं आणि कुणालाच कळत नाही का.

स्टेजवरून खाली उतरावं का? त्याच लाइव्ह एडमध्ये यू२ या बँडचा गायक बोनो गाण्याच्या मधेच खाली उतरला, गर्दीतल्या एका मुलीला जवळ घेऊन नाचला. मागे बँड तेच चक्र वाजवत राहिला, गाणं सुमारे बारा मिनिटं लांबलं आणि ठरलेलं तिसरं गाणं राहूनच गेलं. बँडमधल्यांना वाटलं, सगळं मातीत गेलं. लोकांच्या लक्षात मात्र नेमकं तेच राहिलं. यातून उतरणं शिकू नका, मागे उरलेल्या तिघांचं काम शिका. गायक कुठेही गेला तरी चार मापांचं एक चक्र न कंटाळता फिरवत राहता आलं पाहिजे, आणि बाहेर पडायची खूण ठरलेली पाहिजे. आमची खूण म्हणजे गायकाची वर केलेली मूठ. त्याआधी आमची खूण ‘तो बघेल’ ही होती, आणि तो कधीच बघत नसे.

बोलायचं किती

जोड्या बांधल्यावर दोनच फटी उरतात. प्रत्येकीत तीन वाक्यं पुरे, आणि ती आधी ठरलेली असावीत. बँडचं नाव, पुढच्या गाण्याबद्दल एखादी ठोस गोष्ट, झालं. माफी मागू नका (‘आज आवाज बसलाय’), आतले विनोद नकोत, आणि गर्दीला टोमणे तर मुळीच नकोत.

आमच्या जुन्या गायकाने एकदा वैतागून विचारलं, ‘झोपलात का सगळे?’ मागून एकजण शांतपणे म्हणाला, ‘हो.’ अख्खा हॉल हसला. त्या संध्याकाळचा तो सगळ्यात मोठा प्रतिसाद होता! गायकाने त्याच्याबरोबर हसून ‘मग हे अंगाईगीत’ असं म्हणत सगळ्यात वेगवान गाणं सुरू केलं असतं तर हॉल आमचा होता. पण तो रुसला. पुढची तीन गाणी त्याने डोळे मिटून म्हटली.

बुडतंय असं वाटलं तर

सेटलिस्ट दगडावरची रेघ नाही. संथ गाणं पुढे असेल आणि लोक सुटत चाललेत असं दिसलं तर ते गाळा. कोणतं गाळायचं ते कागदावर आधीच कंसात लिहून ठेवा, म्हणजे स्टेजवर चर्चा नको. कव्हर (दुसऱ्या कुणाचं गाणं) असेल तर एकच, आणि तिसऱ्या किंवा चौथ्या जागी. शेवटी ठेवलंत तर लोक दुसऱ्याचं गाणं गुणगुणत घरी जातात.

हॉल गप्पांनी भरलेला असेल तर एक उलटा उपाय करून बघा: आवाज एकदम खाली आणा. कडव्यात सगळं थांबवून फक्त किक आणि गळा. मोठ्या आवाजावर लोक आणखी मोठ्याने बोलतात. तो अचानक गेला की स्वतःचंच बोलणं कानावर पडून ते दचकतात आणि मान वळवतात. ती मान वळली की आठ मापांच्या आत सगळ्यांनी एकदम परत यायचं. उशीर केला तर गप्पा पुन्हा सुरू.

वेळेच्या मिनिटभर आधी थांबा. उशिरा संपवणाऱ्या ओपनिंग बँडवर आयोजक, साउंडवाला आणि पुढचा बँड असे तिघेही चिडतात. वन्स मोअरची वाट बघत रेंगाळू नका. शेवटचा ठोका, नाव, धन्यवाद, आणि सामान उचलायला लागा. मग हॉलमध्ये जाऊन उभे राहा. तो पहिल्या गाण्यात मान हलवणारा बहुतेक तुम्हाला शोधत येतो.

एक काम मात्र दर गिगला करा: फोन मागच्या भिंतीजवळ ठेवून पूर्ण सेट रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ऐकताना गाणी पुढे ढकला आणि फक्त फटी ऐका, प्रत्येकीची लांबी लिहून काढा. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा सगळ्यात लांब फट निघाली २ मिनिटं १० सेकंदांची. मी अर्थातच गिटारवाल्याला बोल लावायच्या तयारीत होतो. मग आवाज वाढवून नीट ऐकलं. लोकांच्या कुजबुजीमागून, माझ्याच माइकमधून, स्पष्ट ऐकू येत होतं: ‘अरे, माझा पिक कुणी घेतला का?’